प्रेस शॉपमधल्या १०जी स्विचसाठी मेम्स ऑसिलेटर घ्यावा का? १५६.२५ मेगाहर्ट्झ, अंबड

अंबड_बोर्डवाला

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, कारखान्यांसाठी इथरनेट स्विच बनवतो. आजवर १जी (सेकंदाला १ गिगाबिट) पोर्टवालेच केले, तिथे २५ मेगाहर्ट्झचा साधा क्रिस्टल लावला की विषय संपायचा. यंदा पहिल्यांदा चार पोर्ट एसएफपी प्लसचा (काढता-घालता येणाऱ्या मॉड्यूलचा) १०जी बोर्ड केलाय. एफपीजीए (प्रोग्राम करता येणारी चिप) आहे आणि त्याच्या ट्रान्सीव्हरला (डेटा पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाला) १५६.२५ मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ ऑसिलेटर (क्लॉकचे ठोके देणारा पार्ट), एलव्हीडीएस (दोन तारांच्या जोडीवरचं) आउटपुट, ७ बाय ५ मिलिमीटरचं पॅकेज, अधिक वजा ५० पीपीएम (दहा लाखात ५० इतकी चूक).

टेबलावर चार दिवस सलग ट्रॅफिक चालवला, एकही सीआरसी एरर (डेटाची फ्रेम खराब आल्याची खूण) नाही, आम्ही खूश. मग सातपूरला एका गिऱ्हाइकाकडे प्रेस शॉपमध्ये ट्रायलला लावला, प्रेसच्या शेजारच्या कॉलमवर पॅनेल आहे त्यात. तिथे लिंक पडत नाही पण सीआरसी काउंटर चढत राहतो, तासाला तीस-चाळीस. प्रेस बंद असली की काउंटर जागचा हलत नाही. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास लॅपटॉप लावून बसलो होतो, शून्य. भोंगा झाला, प्रेस चालू झाली आणि दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला पहिला एरर.

म्हणून डोक्यात आलं की क्वार्ट्झला कंपन सोसत नाही, मेम्सवाला (क्वार्ट्झऐवजी सिलिकॉनचा बारीक रेझोनेटर असलेला) टाकावा. वेंडर लोकांनी सायटाइम, मायक्रोचिप असे दोन-तीन पर्याय पाठवलेत, सगळ्यांच्या पहिल्या पानावर जिटरचा (ठोका वेळेच्या किती मागेपुढे पडतो त्याचा) एकेक आकडा आहे, कुठे ०.२३ पिकोसेकंद, कुठे ०.६. यातलं काय बघून निवडायचं? आणि मेम्सने हा त्रास जाईल का? पुढच्या रिव्हिजनचं लेआउट अडकलंय त्यामुळे जरा घाई आहे.

---

गोदाकाठ_आरएफ

दादा, ऑसिलेटर बदलायच्या आधी थोडं थांबा, कारण तुम्ही सांगताय त्यात मला एक गोष्ट जुळत नाहीये.

प्रेसचं कंपन किती फ्रिक्वेन्सीचं असतं, काही हर्ट्झपासून फार तर एक-दोन किलोहर्ट्झ. क्वार्ट्झची कंपनाला संवेदनशीलता धरा एक जी-फोर्सला १ पीपीबी (अब्जात एक). पाच जी-फोर्सचा धक्का १०० हर्ट्झला बसला तरी १५६.२५ वर वेळेची हालचाल येते साधारण ८ पिकोसेकंद. आकडा मोठा दिसतो, पण तो १०० हर्ट्झला होतोय. समोरच्या रिसीव्हरमध्ये जो सीडीआर (आलेल्या डेटातूनच क्लॉक काढणारं सर्किट) असतो तो १०जीला साधारण ४ मेगाहर्ट्झच्या खालची हालचाल बरोबर पकडून तिच्यामागे फिरतो, त्याच्यासाठी १०० हर्ट्झ म्हणजे घड्याळाचा तासकाटा. त्याने सीआरसी एरर यायला नकोत.

म्हणजे प्रेस आणि एरर यांचा संबंध आहे हे नक्की पण तो कंपनातूनच येतोय हे नक्की नाही. माझा संशय सप्लायवर. पॅनेलचा २४ व्होल्ट आणि प्रेसच्या क्लचचा सोलेनॉइड एकाच एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) आहेत का ते बघा. आणि बोर्डावर बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) किती फ्रिक्वेन्सीचा आहे तेही सांगा.

एक सोपी टेस्ट करा. यूपीएसच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडा, स्विच त्यावर चालवा, बाकी पॅनेलमधली जागा, स्क्रू, केबल काही हलवू नका. कंपन तेच राहील, फक्त सप्लाय वेगळा होईल. एरर गेले तर उत्तर मिळालं. उलटीही टेस्ट करा, टेबलावर बोर्ड चालू असताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ऑसिलेटरच्या आसपास हलकं ठोकत काउंटर बघा, आणि एसएफपीच्या केजवरही ठोका, कधी कधी मॉड्यूलच नीट बसलेलं नसतं.

आता जिटरच्या आकड्याबद्दल, कारण ते निवडीच्या वेळी लागेलच. १०जीचा लाइन रेट १०.३१२५ गिगाबिट, म्हणजे एक बिट ९७ पिकोसेकंदाचा. तुमचा रेफरन्स आत ६६ पटीने वाढतो, त्यामुळे फेज नॉइज (हाच जिटर, पण फ्रिक्वेन्सीनुसार मांडलेला) ३६ डीबीने वर जातं. पहिल्या पानावरचा ०.२३ हा आकडा १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातली बेरीज असतो. हा पट्टा जुन्या सोनेटच्या (टेलिकॉमच्या फायबर नेटवर्कच्या) काळापासून चालत आलाय, तुमच्या ट्रान्सीव्हरचा पीएलएल (रेफरन्सवरून वेगळी फ्रिक्वेन्सी बनवणारं सर्किट) आणि समोरचा सीडीआर त्याला बांधील नाहीत. म्हणून एकाच आकड्यावर जाऊ नका, फेज नॉइजचा आलेख मागा, आणि तो तुमच्याच फ्रिक्वेन्सीचा, तुमच्याच आउटपुट टाइपचा मागा. एफपीजीएच्या डेटाशीटमध्ये रेफरन्स क्लॉकसाठी १० किलो, १०० किलो आणि १ मेगाहर्ट्झला फेज नॉइजची कमाल मर्यादा दिलेली असते, आलेख त्या मर्यादेवर ठेवून बघा.

अंदाज यावा म्हणून एक हिशोब देतो, मी आमच्या पोरांनाही हाच करायला लावतो. समजा फेज नॉइज सपाट मायनस १५० डीबीसी (मूळ सिग्नलच्या तुलनेत डीबी) पर हर्ट्झ आहे आणि २० मेगाहर्ट्झपर्यंत बेरीज केली, तर जिटर येतो साधारण ०.२ पिकोसेकंद. आता त्यात मायनस ७० डीबीसीचा एकच स्पर (एकाच फ्रिक्वेन्सीवरचं नॉइजचं टोक) असला तर त्या एकट्याचाच ०.४५ पिकोसेकंद. म्हणजे एक स्पर सगळ्या नॉइजच्या दुपटीहून भारी पडतो. त्यामुळे वेंडरला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की हा आकडा स्पर धरून आहे की काढून.

---

साधा_क्वार्ट्झ

वरच्या सरांशी सहमत आणि मी तर म्हणेन मेम्सची गरजच नाही.

मेम्सच्या आत सिलिकॉनचा रेझोनेटर एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर थरथरतो आणि पुढे फ्रॅक्शनल पीएलएल तिथून तुम्हाला हवी ती फ्रिक्वेन्सी बनवतो. म्हणूनच तो कुठल्याही फ्रिक्वेन्सीला प्रोग्राम होतो आणि स्पर येतात तेही म्हणूनच. सिलिकॉनची फ्रिक्वेन्सी तापमानाने खूप सरकते, ती आतलं सर्किट सतत सावरत असतं, ते सावरणंही नॉइज घेऊन येतं. चांगला थर्ड ओव्हरटोन किंवा इन्व्हर्टेड मेसाचा (मधोमध पातळ केलेला) क्वार्ट्झ घ्या, त्यात पीएलएलच नसतो, स्पर नाहीत, करंट कमी. आम्ही वर्षानुवर्षं टेलिकॉमच्या कार्डावर हेच लावत आलो.

मेम्सवाल्यांनी अलीकडे भरपूर सुधारणा केलीय हे मान्य, पण सातपूरच्या प्रेस शॉपमधल्या चार पोर्टसाठी जास्तीचे पैसे घालायचं कारण मला दिसत नाही.

---

लेआउट_ताई

मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात पण माझा प्रश्न वेगळाच आहे. दादा, ऑसिलेटरच्या सप्लाय पिनला काय लावलंय ते सांगा ना, फेराइट (नॉइज अडवणारा मणी) कुठला, कपॅसिटर किती. निम्म्या बोर्डांत घोळ तिथेच असतो आणि दोष मात्र ऑसिलेटरला मिळतो.

---

अंबड_बोर्डवाला

ताई, ६०० ओमचा फेराइट बीड आणि पिनजवळ १० नॅनोफॅरड, बस. ३.३ व्होल्टच्या मेन रेलवरूनच घेतलंय. बक २.२ मेगाहर्ट्झचा आहे, इंडक्टर छोटा बसावा म्हणून तो घेतला होता.

सर, गिऱ्हाइकाकडे विचारलं, २४ व्होल्ट एकच एसएमपीएस आहे, सोलेनॉइडही त्यावरच. उद्या बॅटऱ्या घेऊन जातो.

---

लेआउट_ताई

हेच ते!

६०० ओम म्हणजे १०० मेगाहर्ट्झला ६०० ओम. २.२ मेगाहर्ट्झला तोच बीड एखाद्या छोट्या इंडक्टरसारखा वागतो. त्याची इंडक्टन्स साधारण १ मायक्रोहेन्री धरली आणि पुढे तुमचे १० नॅनोफॅरड, तर दोघांचा रेझोनन्स येतो १.६ मेगाहर्ट्झच्या आसपास. तुमचा बक २.२ ला. म्हणजे बकचा रिपल (सप्लायवरची लहर) गाळला जातच नाही, जसाच्या तसा ऑसिलेटरच्या पिनला जातोय, आणि बक लोड बदलल्यावर जरा खाली सरकणारा असला तर उलट वाढून जाईल. आणि २.२ मेगाहर्ट्झची जागाच वाईट आहे, सर म्हणाले तो सीडीआर ४ मेगाहर्ट्झचा धरला तर २.२ वरची जवळपास निम्मी हालचाल त्याच्याकडून सुटून पुढे जाते.

काय करा, ऑसिलेटरसाठी स्वतंत्र लो नॉइज एलडीओ (लिनियर रेग्युलेटर) द्या, पण एलडीओ घेताना त्याचा पीएसआरआर (रिपल अडवायची ताकद) १ किलोहर्ट्झला नका बघू, तिथे सगळेच छान दिसतात, १ ते ३ मेगाहर्ट्झला किती उरतो ते बघा. फेराइट ठेवायचा तर त्याच्यापुढे १० मायक्रोफॅरड आणि त्या कपॅसिटरसोबत एक ओमच्या आसपासचा रेझिस्टर सिरीजमध्ये, म्हणजे रेझोनन्सचं टोक बसतं, आणि पिनला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरड वेगळा.

पुढच्या रिव्हिजनमध्ये फूटप्रिंट असा करा की क्वार्ट्झ किंवा मेम्स कुठलाही बसेल. सहा पिनच्या डिफरन्शियल पॅकेजमध्ये एनेबल कधी पिन १ ला असतो कधी २ ला, दोन्हीकडे झिरो ओमची जागा ठेवा, नाहीतर पार्ट बदलला की क्लॉक निघणारच नाही आणि अख्खी दुपार त्यातच जाईल. एलव्हीडीएसला रिसीव्हरजवळ १०० ओम, तो एफपीजीएच्या आत असेल तर बाहेर परत लावू नका. पुढे कधी एलव्हीपेक (दुसऱ्या प्रकारचं डिफरन्शियल आउटपुट) घेतलात तर ३.३ व्होल्टला दोन्ही पायांना दीडशे ओम ग्राउंडकडे, ऑसिलेटरच्या बाजूला, मग कपलिंग कपॅसिटर. आणि क्लॉकची जोडी बकच्या इंडक्टरखालून नेऊ नका, हे सांगायला नको पण मी पाहिलंय म्हणून सांगते.

---

अंबड_बोर्डवाला

परवा टेस्ट केली, सविस्तर लिहितोय कारण तुम्हा सगळ्यांमुळेच हे सुचलं.

प्रेसच्या शेजारी एका लोखंडी स्टुलावर दोन बॅटऱ्या ठेवल्या, जाड वायर काढून पॅनेलमध्ये नेली, बाकी काहीच हलवलं नाही. प्रेसचा ठोका पडला की स्टुलावरच्या बॅटऱ्यांचे टर्मिनल थरथरताना दिसत होते इतकं कंपन तिथे आहे. दोन तास चालवलं. सीआरसी फक्त ३. परत २४ व्होल्टच्या एसएमपीएसवर घेतलं, पहिल्या पंधरा मिनिटांत ११. पुन्हा बॅटरी, पुन्हा गप्प. ऑपरेटर काका पण बघत उभे होते, त्यांनी सांगितलं की क्लच टाकला की पॅनेलमधला दिवा जरासा मंद होतो, हे त्यांना कधीपासून माहीत होतं, आम्हीच विचारलं नव्हतं.

उरलेले ३ एरर एसएफपीच्या केजचे निघाले. एका पोर्टचं मॉड्यूल बोटाने दाबलं की काउंटर चढत होता, बाकी तीन पोर्टला काहीच नाही.

मग बोर्ड युनिटवर आणून स्पेक्ट्रम ॲनालायझर लावला. १५६.२५ च्या दोन्ही बाजूला २.२ मेगाहर्ट्झवर स्पर, शांत असताना मायनस ६२ डीबीसी. आणि २४ व्होल्टवर मुद्दाम एक सोलेनॉइड मारत मॅक्स होल्ड (सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवायची सोय) ठेवलं तर मायनस ४५ पर्यंत उडी.

---

गोदाकाठ_आरएफ

वा, फार छान काम केलंत, आणि ऑपरेटर काकांना माझा नमस्कार सांगा.

मायनस ४५ चा हिशोब बघा, साधारण ८ पिकोसेकंद आरएमएस, साइन वेव्ह धरली तर पीक टू पीक २३. ९७ पिकोसेकंदाच्या बिटमधले २३ एका स्परने खाल्ले, सीडीआरने अर्धे वाचवले तरी दहा-अकरा गेलेच. लिंक पडत नाही पण मधूनच फ्रेम खराब, हे चित्र त्याच्याशी जुळतं. टेबलावर मायनस ६२ होता म्हणजे १ पिकोसेकंदाच्या थोडा वर, म्हणून चार दिवस शून्य एरर.

आता मेम्सचा प्रश्न नीट घेता येईल. साधा_क्वार्ट्झ यांचं म्हणणं स्परच्या बाबतीत रास्त आहे, जुने मेम्स पार्ट त्यात खरंच कमी पडायचे. पण आता सायटाइमच्या ९३६५ सारख्या पार्टला ठरावीक नेटवर्किंग फ्रिक्वेन्सी दिल्यात आणि जिटर टिपिकल ०.२३ पिकोसेकंद आहे, ९५०१ चा तर टिपिकल ७० फेम्टोसेकंद आहे. टीआयचे (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे) बॉ (बल्क अकूस्टिक वेव्ह) रेझोनेटरवाले ऑसिलेटर पण याच कामासाठी आहेत. १०जीला ०.२३ भरपूर झाला, ७० फेम्टो तुम्हाला लागत नाही. ते लागतं जेव्हा ५३ गिगाबॉडच्या पॅम४ वर जाल तेव्हा, तिथे एक सिम्बॉल १९ पिकोसेकंदाचाही नाही आणि त्यात चार लेव्हल. तुमच्या रोडमॅपवर ते नसेल तर त्याचे पैसे देऊ नका.

मग मेम्स घ्यायचा तर कशासाठी. माझ्या मते तुमच्याकडे तीन कारणं आहेत आणि कंपन हे त्यातलं पहिलं नाही. बऱ्याच मेम्स पार्टमध्ये आतच रेग्युलेटर असतो, सप्लायचा नॉइज त्यांना कमी बाधतो, डेटाशीटमध्ये सप्लाय नॉइजने किती जिटर वाढतो ते दिलेलं असतं, दोन पार्टची तुलना त्या ओळीवर करा. दुसरं तापमान. मे महिन्यात शेडच्या पत्र्याखाली, बंद पॅनेलमध्ये, एफपीजीएच्या शेजारी ऑसिलेटरच्या अंगाला ८५ सहज लागेल, तेव्हा १०५ अंशांचा पार्ट घ्या, तो मेम्समध्ये सहज मिळतो. तिसरं, तुम्ही पुढेमागे पीटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं जुळवायच्या पद्धतीने) टाइम सिंक देणार असाल तर तिथे कंपन खरंच महत्त्वाचं होतं, कारण तिथे हर्ट्झमधली हळू हालचाल पकडून फेकणारा कोणी नसतो, ती सरळ वेळेत येते. तिथला पार्टही वेगळा, टीसीएक्सओ (तापमानाचा फरक सावरणारा ऑसिलेटर) लागेल, सिंक्रोनस इथरनेट म्हटलं की ४.६ पीपीएमच्या आत.

पीपीएमचं पण बघून घ्या. १०जी इथरनेटला अधिक वजा १०० पीपीएम चालतं, म्हणजे १५६.२५ वर १५,६२५ हर्ट्झ इकडे किंवा तिकडे. पण तो सगळं मिळून आहे, सुरुवातीची चूक, तापमान, सप्लाय आणि दहा वर्षांचं एजिंग. काही डेटाशीटमध्ये ५० लिहिलेलं असतं ते फक्त तापमानाचं असतं, एजिंग खाली वेगळ्या ओळीत. सगळं धरून ५० असेल असा पार्ट घ्या.

---

साधा_क्वार्ट्झ

मॅक्स होल्डचा आकडा बघून मी माझं मत बदलत नाही, पण एक कबूल करतो की ज्याच्या बोर्डावर सप्लाय असा आहे त्याला आत रेग्युलेटर असलेला पार्ट नक्की मदत करेल. तरी एलडीओ आधी करा. मेम्स लावून गप्प बसलात तर तोच रिपल एफपीजीएच्या ट्रान्सीव्हर सप्लायला पण जातोय, तिथे कुठला ऑसिलेटर वाचवणार.

---

सिन्नर_ऑटोमेशन

उशिरा आलो पण एक गोष्ट इथे कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण आपल्या नाशिक-सिन्नर पट्ट्यात ऑटोमोबाइलच्या पार्टचं काम भरपूर आहे. स्विच हेलियम लीक टेस्टच्या स्टेशनजवळ लागणार असेल तर मेम्स घेताना विचारून घ्या. २०१८ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका हॉस्पिटलात एमआरआय बसवताना हेलियम गळला आणि तिथले बरेच आयफोन बंद पडले, कारण त्यात मेम्सचा क्लॉक होता. हेलियमचा अणू इतका लहान की रेझोनेटरच्या निर्वात पोकळीत शिरतो आणि थरथर अडकवतो. हवा मोकळी झाल्यावर काही दिवसांत बहुतेक फोन आपोआप चालू झाले. आता काही पार्ट हेलियमला दाद न देणारे म्हणून येतात, वेंडरकडून ते लेखी घ्या. आमच्या एका लाइनवर टेस्ट चेंबर उघडलं की चेहऱ्यासमोरच हेलियम येतो, तिथे आम्ही क्वार्ट्झच ठेवला.

---

अंबड_बोर्डवाला

हे माहीतच नव्हतं, थँक्यू. या गिऱ्हाइकाकडे लीक टेस्ट नाही, विचारून घेतलं, पण दुसऱ्याकडे आहे आणि तिथे याच बोर्डाची ऑर्डर आहे.

तर ठरलंय असं. चालू बोर्डावर ब्लेडने ट्रॅक कापून छोट्या बोर्डावरचा एलडीओ वायरने जोडला, १० मायक्रोफॅरड आणि १ ओम लावला, ऑसिलेटर तोच क्वार्ट्झ. सोलेनॉइड मारत मॅक्स होल्ड घेतलं, २.२ वरचा स्पर मायनस ८५ च्या खाली गेला, नॉइज फ्लोअरमध्ये शोधावा लागतो. केज बदलली. सातपूरला परत लावून आज दुसरा दिवस, दोन शिफ्ट, चारही पोर्ट शून्य.

पुढच्या रिव्हिजनमध्ये ताईंनी सांगितलं तसं दोन्हीला चालेल असं फूटप्रिंट, ५ बाय ३.२ चं, पिन १ आणि २ दोन्हीकडे झिरो ओम. प्रेस शॉपच्या बोर्डांना १०५ अंशांचा मेम्स, एलव्हीडीएस, सगळं धरून ५० पीपीएम, आणि लीक टेस्टवाल्या गिऱ्हाइकाला क्वार्ट्झ. ट्रान्सीव्हरच्या सप्लायला पण वेगळा एलडीओ देतोय, साधा_क्वार्ट्झ यांनी लिहिलं ते वाचून रात्री तिथेही प्रोब लावला होता, रिपल होताच. मेम्सचे दहा सॅम्पल मागवलेत, आले की दोन्ही पार्ट एकाच बोर्डावर आलटून पालटून लावून फेज नॉइजचे आलेख इथेच टाकतो.

---

लेआउट_ताई

आलेख टाकताना बोर्ड गरम करूनही घ्या, हीट गन लांबून धरा आणि ऑसिलेटरच्या डोक्यावर थर्मोकपल चिकटवा. ८५ ला स्पर कुठे सरकतात ते मला बघायचंय. आणि गर्बर (बोर्ड बनवायच्या फाइल्स) पाठवायच्या आधी क्लॉकची जोडी मला एकदा दाखवा, शनिवारी वेळ आहे.